हवामानाचं कॉलेज

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, हवामानशास्त्रात डिग्री करायची तर कोणतं कॉलेज बेस्ट?"

मी सॉफ्टवेअरवाला. पण पुण्यात राहतो म्हटल्यावर परभणीकडच्या नातेवाइकांना वाटतं की मला कॉलेजांतलं सगळं कळतं. (प्रिंटर बिघडला तरी फोन मलाच येतो, ते वेगळं.) एरवी मी "बघून सांगतो" म्हणून विसरलो असतो. पण या प्रश्नामागचं कारण मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मोबाइलवर कुणीतरी फिरवलेला 'दमदार पावसाचा' मेसेज वाचून दाजींनी सोयाबीन पेरलं, आणि मग अठरा दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा. तेव्हा दहावीचा निकाल घेऊन घरी बसलेला हा पोरगा आता बारावी झालाय. दाजी म्हणतात इंजिनिअरिंग कर, मामासारखं. पोरगा म्हणतो हवामान.

तर सगळा शनिवार-रविवार याच्यात गेला. आणि गंमत अशी की कॉलेज शोधता शोधता मी इतिहासात शिरलो. कारण आपल्याकडे हवामानात ज्यांनी नाव काढलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी 'हवामानाचं कॉलेज' निवडलंच नव्हतं!

भारतीय हवामान खातं १८७५ सालचं. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे भूगर्भशास्त्राचे माणूस. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. हवामानाचं औपचारिक शिक्षण शून्य. मान्सूनचा अंदाज आधी कसा बांधायचा या प्रश्नावर त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या आणि आकडेमोडीचा डोंगर उपसून 'सदर्न ऑसिलेशन' शोधून काढलं. एल निनोच्या बातमीत आज जे वाचतो त्याचा तो अर्धा भाग. आजच्या भाषेत डेटा सायंटिस्टच म्हणा, फक्त त्यांचे कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातले कारकून.

अॅना मणी यांची गोष्ट तर भाच्याला मुद्दाम सांगितली. भौतिकशास्त्र शिकल्या, बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे काम केलं, प्रबंधही लिहिला. पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या त्या भौतिकशास्त्र शिकायला, पण जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या विषयाला. तोच घेतला. १९४८ मध्ये परत येऊन पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि पुढे देशातच हवामानाची उपकरणं बनवण्याचं काम उभं केलं. म्हणजे कॉलेज निवडलं, विषय मात्र नशिबाने निवडला.

पण माझा खरा हिरो सापडला तो एल. ए. रामदास. हेही रामन यांचेच विद्यार्थी, म्हणजे पुन्हा भौतिकशास्त्र. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. आपण रोज ज्या सिग्नलला शिव्या घालतो त्या शिमला ऑफिस चौकाचं नाव त्यावरूनच पडलं. शेतीसाठी हवामानाचा वेगळा अभ्यास हवा असं त्याच सुमारास रॉयल कमिशनने सुचवलं होतं, आणि १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामान विभाग सुरू झाला. तो रामदास यांनी उभा केला. त्याची वेधशाळा कुठे? तर जवळच, कृषी महाविद्यालयाच्या शेतात! माणूस भौतिकशास्त्राचा आणि थर्मामीटर पिकात. शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात थंड थर अगदी जमिनीलगत नसतो, काही इंच वर असतो, हे रामदास यांनी दाखवलं. त्या थराला आजही त्यांचंच नाव आहे.

हे वाचल्यावर परभणी वेगळी दिसायला लागली. हिवाळ्यात पेपरात परभणीच्या थंडीचा जो आकडा येतो, तो बऱ्याचदा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला असतो. हे विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं, आणि लगेच पुढचाच पावसाळा दगा देऊन गेला. ७२ चा दुष्काळ. आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत 'बहात्तर' हा शब्द असायचा, साल म्हणून नाही, संकट म्हणून. आज तिथूनच मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ला निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं त्यात दरवर्षी सांगतात. दाजींच्या मोबाइलवर तो सल्ला मात्र पोचला नव्हता. फॉरवर्ड पोचला होता.

असो. रविवारी रात्री फोन केला. म्हटलं, दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे फिजिक्स घेऊन बी.एस्सी., मग पुणे, कोचीन किंवा आंध्र विद्यापीठासारख्या ठिकाणी पुढचं शिक्षण. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंट भरतीतही फिजिक्सवाली बी.एस्सी. विचारतात. (कॉम्प्युटर सायन्सही चालतं, म्हणजे मीसुद्धा गेलो असतो की!) दुसरी वाट परभणीतलीच, बी.एस्सी. अॅग्री. तिथे हवामान हा अनेक विषयांतला एक, पण पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कृषी हवामानशास्त्रात एम.एस्सी. करता येते. ढग कसा बनतो हे कळायला हवं असेल तर पहिली. पेरू की नको हे सांगायचं असेल तर दुसरी. एकीवरून दुसरीवर उडी मारणं सोपं नाही, हेही सांगून टाकलं.

तिकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "मामा, रामदास कोणत्या वाटेने गेले?"

"पहिल्या वाटेने निघाले, आणि शेतात जाऊन पोचले."

दोन्ही फॉर्म भरतोय म्हणाला. पुढच्या शनिवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला येतोय, दाजींना घेऊन. त्यांना आधी शिमला ऑफिस दाखवीन, मग चालत कृषी महाविद्यालयात नेईन. दाजींना चालायला त्रास नाही, इंजिनिअरिंगचं मात्र बघावं लागेल.