बुडाले तर कोणाचे?
छोट्या धंद्याच्या भांडवलाची शंभर-सव्वाशे वर्षे

मराठी माणूस धंद्यात मागे का, या प्रश्नावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. नोकरीची ओढ, धाडसाचा अभाव, जातिव्यवस्था, परकी राजवट अशी कारणे मांडली जातात आणि प्रत्येकात थोडे तथ्य असते. मला मात्र गेली काही वर्षे एक वेगळाच, जरा रुक्ष प्रश्न छळतो आहे. ज्यांनी धंदा काढला, त्यांना पहिले पैसे कोणी दिले? आणि ते बुडाले असते, तर नुकसान कोणाच्या अंगावर पडले असते?

मी इतिहासाचा पदवीधर नाही. उदरनिर्वाहासाठी हिशेब लिहितो आणि कर्ज मागणाऱ्या लहान उद्योजकांना प्रकल्प अहवाल तयार करून देतो. उरलेल्या वेळात जुने वार्षिक अहवाल, चरित्रे, गॅझेटियर वाचतो. दोन्ही कामे एकाच टेबलावर चालत असल्यामुळे असेल, पण मला शंभर वर्षांपूर्वीचा कर्जदार आणि आजचा अर्जदार शेजारी शेजारी बसलेले दिसू लागले. त्यांच्यातला समान धागा म्हणजे तारण. ज्याच्याकडे गहाण टाकायला काही नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी जोखीम उचलावी लागते. ती कोणी उचलायची, याची वेगवेगळ्या पिढ्यांनी दिलेली उत्तरे म्हणजेच छोट्या भांडवलाचा इतिहास, असे माझे मत झाले आहे.

सावकाराची वही

सुरुवात सावकारापासूनच करावी लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या या दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी सरकारी तगाईची व्यवस्था पक्की केली. पण हे सारे जमीन कसणाऱ्यासाठी होते. सुताराला, लोहाराला, कोष्ट्याला तगाई नव्हती. त्याच्यासाठी सावकार होता तसाच राहिला.

सावकाराला नुसता खलनायक ठरवून भागत नाही. त्याला एक गोष्ट येत होती, ती म्हणजे माणसाची माहिती ठेवणे. कोणाचे पीक कसे आले, कोणाच्या घरी लग्न निघाले, कोण कितीदा चुकला, हे त्याला वही न उघडता ठाऊक असे. या माहितीच्या जोरावर तो कागदी तारण नसलेल्यालाही उधार देई आणि जोखमीची किंमत व्याजात वसूल करी. पण त्याची वही हंगामाच्या चालीने चाले. सुगीला येणे वसूल, दिवाळीला वहीपूजन. सूत, लोखंड, धान्य असले खेळते भांडवल त्याच्याकडून मिळू शके. जे यंत्र चार-पाच वर्षांनी स्वतःची किंमत काढून देईल, त्याच्यासाठी या वहीत रकाना नव्हता.

औंधचे दहा हजार

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला माहीत असते. कर्जाच्या बाजूने ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेला हा माणूस बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आला. भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. माल तयार आहे आणि गिऱ्हाईक नाही, अशा माणसाला कोणता सावकार पैसे देईल? त्यात बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली.

त्या वेळी औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ती जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि नागांचे रान होते. देणाऱ्याच्या दृष्टीने तिची किंमत जवळजवळ शून्य, घेणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती आगगाडीच्या रुळांना लागून असलेली जागा. पोलाद येणार रेल्वेने आणि नांगर जाणार रेल्वेने. मला या व्यवहारात दहा हजारांइतकेच हे ३२ एकर महत्त्वाचे वाटतात. नुसते पैसे घेऊन लक्ष्मणराव भाड्याच्या जागेत गेले असते, तर काही वर्षांनी पुन्हा कोणीतरी त्यांना उठवले असते.

पैसे बुडाले असते, तर ते संस्थानाचे बुडाले असते. राजाला कोणत्या समितीला उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून तो निर्णय घेऊ शकला. प्रभाकर कंदिलांनी नाव काढलेली ओगलेवाडीही औंधच्याच मुलखातली, हा योगायोग नव्हे. पण याच व्यवस्थेचा दोषही यातच आहे. लक्ष्मणराव दरबारापर्यंत पोहोचू शकले, कारण औंधमध्ये त्यांचे काम आणि ओळख होती. कुंडलच्या एखाद्या कुंभाराला ती वाट नव्हती. मर्जी ही मिळाली तर मिळते. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही.

राजाचा चहा

त्याच काळातला दुसरा राजा म्हणजे कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले, स्वतःचा धंदा काढायला सांगितले आणि त्यासाठी मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल उभे राहिले.

जागा होती, भांडवल होते, चहाही चांगला होता. गिऱ्हाईक नव्हते. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः त्या हॉटेलावर गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावू लागले. सामाजिक समतेची घटना म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. धंद्याच्या हिशेबाने पाहिले, तर त्यात आणखी एक धडा आहे. ज्या माणसाला बाजारच नाकारतो, त्याला नुसते भांडवल देणे म्हणजे त्याला कर्जबाजारी करण्याची व्यवस्था करणे होय. शाहू महाराजांनी अनुदानाच्या मागोमाग गिऱ्हाईकही आणून दिले. मागासवर्गीयांसाठी पुढे निघालेल्या कर्जयोजनांच्या आराखड्यांत मी हा दुसरा भाग शोधत असतो. तो क्वचित सापडतो.

चौसष्ट माणसांचा रुपया

राजा नसेल तेथे काय करायचे? अंताजी दामोदर काळे यांचे उत्तर विलक्षण साधे होते. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे औंधच्या राजाने एका सहीने दिलेले दहा हजार उभे करायला ६ लाख ४० हजार माणसांकडे जावे लागणार. काळे गावोगाव हिंडले, टिळकांनी ‘केसरी’चे बळ मागे उभे केले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती त्याची उभारणी होती.

येथे बुडण्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सुटला होता. बुडालेच, तर प्रत्येकाचा एक पैसा बुडणार. परतफेड मागायला कोणी येणार नव्हते. त्यामुळे हा कारखाना एक अशी गोष्ट करू शकला, जी कर्ज काढलेल्या मालकाला परवडली नसती. त्याने शिकाऊ मुले घेतली, त्यांना भट्टीसमोर उभे केले, चुका करू दिल्या. काचधंद्यात उमेदवाराने फोडलेली काच हाही खर्चच असतो. तळेगावात तयार झालेली माणसे पुढे देशभरातल्या काच कारखान्यांत गेली. पैसा फंडाचा खरा नफा ताळेबंदात दिसत नाही, तो तेथे आहे.

यावरून मी एक नियम बांधला आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांना तो सांगतो. अनुदान शिकण्यासाठी घ्यावे, कर्ज विकण्यासाठी घ्यावे. हात बसायच्या आधी कर्ज घेतले, तर शिकवणी व्याजाने पडते.

शेजाऱ्याची सही

तिसरे उत्तर सहकाराचे. बडोद्यात १८८९ साली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली, तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता. तो आला १९०४ मध्ये. पुण्यातली आजची कॉसमॉस बँक १९०६ सालची, मुंबईतली श्यामराव विठ्ठल बँकही १९०६ चीच. ग्रामीण संस्थांत अमर्याद जबाबदारीचे तत्त्व होते. एकाने बुडवले, तर बाकीच्या सभासदांच्या घरादारापर्यंत वसुली जाऊ शकत होती. म्हणून कर्ज देताना शेजारी डोळ्यांत तेल घालून पाहत. सावकाराची माहिती येथे सामुदायिक झाली आणि व्याज उतरले.

शहरांत त्याचे रूप दोन जामीनदारांचे झाले. नोकरदार मामाने किंवा वर्गमित्राने सही करायची आणि भाच्याने छापखाना काढायचा. मराठी मध्यमवर्गातील कित्येक पिठाच्या गिरण्या, छापखाने, शिवणकामाची दुकाने या सहीवर उभी राहिली. मात्र सुरुवातीच्या बहुतेक नागरी संस्था एकेका ज्ञातीच्या किंवा ओळखीच्या वर्तुळात जन्मल्या. वर्तुळात ज्याला पगारदार मामा नव्हता, तो बाहेरच राहिला. आणि बाई तर कोणाची जामीनदार होऊ शकण्याइतकी मिळवती क्वचितच असे.

ऐंशी रुपये आणि पंधराशे रुपये

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. नुकसान झाले तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. हीच ‘लिज्जत’. खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता १९६६ मध्ये आली, म्हणजे सात वर्षे माल विकून दाखवल्यावर. मदत मागून धंदा उभा राहिला नाही. उभ्या धंद्याकडे मदत आली.

गिरणगावातल्या खाणावळवाल्यांची गोष्ट वेगळी. त्या गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पैसे पगाराला घेत. तोवर किराणा उधारीवर, नाहीतर जबर व्याजाच्या पैशावर. गिऱ्हाईक रोज दारात होते. अडत होते ते केवळ महिन्याभराच्या खेळत्या पैशावर. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ मध्ये गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना आली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र केले आणि बँकेच्या दारात नेले. पंधराशे रुपयांची ती कर्जे. तारण काय? एकमेकींचा शब्द. गटातल्या एकीने हप्ता चुकवला, तर इतरजणी तिच्या दारात उभ्या राहणार. त्यांनी कर्जे फेडली. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे नाव जगभर होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

१९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या आणि जेवणारेच गावी गेले. परतफेडीची कितीही शिस्त असो, गिऱ्हाईक नाहीसे झाले की ती उपयोगी पडत नाही. कोल्हापूरच्या चहाचा धडा लालबाग-परळमध्ये उलट बाजूने शिकायला मिळाला.

हमीचे कागद

आज योजनांची वाण नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, मुद्रा २०१५ पासून, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. तारण नसलेल्यांसाठी पतहमी न्यास २००० सालीच स्थापन झाला. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये काढला. कागदावर पाहिले, तर शंभर वर्षांचा प्रश्न सुटलेला आहे. बुडाले तर मोठा वाटा न्यास सोसणार.

तरीही माझ्याकडे आलेल्या एका बाईंना मिरची कांडपाच्या डंक्यासाठी कर्ज हवे होते, तेव्हा शाखेत त्यांना विचारले गेले, “योजना आहे हो ताई, पण जामीन कोण?” साहेब वाईट नव्हते. हमी पूर्ण रकमेची नसते, दावा मिळायला वेळ लागतो आणि खाते थकले की चौकशी होते ती कर्ज मंजूर करणाऱ्याची. औंधच्या राजाला जी मोकळीक होती, ती शाखाधिकाऱ्याला नाही. जोखीम दिल्लीने उचलली, भीती तालुक्यातच राहिली.

अनुदानाबद्दलचा गैरसमजही येथेच सांगायला हवा. केंद्राच्या रोजगार कार्यक्रमातले अनुदान अर्जदाराच्या हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत त्याच्या नावाने अडकवून ठेवले जाते आणि धंदा चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात वळते होते. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, पण ती खर्चायला मिळत नाही. ‘सबसिडी’ हा शब्द ऐकून धावणाऱ्याला मी हे पहिल्यांदा समजावतो. मग विचारतो, तुमचे पहिले दहा गिऱ्हाईक कोण? त्यांची नावे सांगता आली, तर पुढचे कागद करण्यात अर्थ असतो.

या साऱ्या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. किर्लोस्करांचे चरित्र लिहिले जाते. पिठाच्या गिरणीसाठी जामीन राहिलेल्या मामाची नोंद असते फक्त पतपेढीच्या कर्जवहीत. संस्था विलीन होतात, कार्यालये बदलतात आणि वह्या किलोच्या भावाने जातात. नामंजूर अर्ज तर कोणी जपतच नाही, आणि कोणाला धंदा काढू दिला गेला नाही, हे फक्त त्यांतच लिहिलेले असते.

दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल किंवा चालू असेल. माळ्यावर आजोबांची जामीनखते, पतपेढीची पासबुके, जुन्या दुकानाच्या खतावण्या निघाल्या असतील, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. कर्जदाराच्या नावाखाली दोन सह्या असतील. त्या कोणाच्या होत्या, हे सांगू शकणारे कोणी घरात असेल, तर त्यांना आजच विचारून घ्या.