एलिचपूरला जेवायला चला, ठेचा मागू नका

परतवाड्याचा स्टँड शोधू नका. स्टँड नाही, ऑटो नाही, परतवाडाच नाही. साल 1500, वैशाख महिना. अचलपूरला इथं एलिचपूर म्हणतात, ही वऱ्हाडची राजधानी आहे आणि तुमच्या मानेवरून निघालेली घामाची धार कमरेपर्यंत पोचली आहे.

गल्ली अरुंद. डावीकडे पिंजारी बसलाय. त्याच्या तातीचा तण्‌तण् आवाज डोक्यात घुमतो आणि उडालेला कापूस ओल्या मानेला चिकटतो. शेणाचा धूर, तापलेली माती, कुठूनतरी चरबी कढल्याचा वास. घशाला कोरड पडते, तुम्ही चंबूला हात घालता. सोबतचे कुळकर्णी मनगट धरतात. "आडोशाला प्या, बावा. कोणी काही म्हनत नाही, पन समोरचा पहाटेपासून कोरडा हाये नं." रमजान चालू आहे. दाराआड जा, दोन घोट घ्या, मिशा पुसा.

संध्याकाळी एका सरदाराकडे बोलावणं आहे. जोडे जाजमाच्या बाहेर. मांडी घाला आणि पाय कोणाकडे पसरू नका. पोऱ्या पितळी चिलमची पुढे धरतो, आफताब्यातून हातावर बारीक धार सोडतो. पाणी इतकं गार, की तोंडावर मारावंसं वाटेल. मारू नका.

अजान होते. एक खजूर, घोटभर सरबत, आणि यजमान नमाजाला उठतात. समोर समोशांची परात वाफाळते आहे. बसून राहा. एकट्यानं सुरुवात करणं तुमच्या आजीला चाललं नसतं, तसं इथंही चालत नाही.

ते परततात. आधी चिमूटभर मीठ जिभेवर. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते इथून सुरू झालं समजा! मग उजव्या हातानं, परातीतल्या आपल्याच बाजूचं उचला. समोसा फोडलात की आतला खिमा बोटं भाजतो, तूप मनगटावरून ओघळतं. सातपुड्यापलीकडे मांडूच्या सुलतानाघरी याच सुमाराला 'निमतनामा' नावाची पाककृतींची सचित्र पोथी तयार होतेय. तिच्यात समोशांचेच किती प्रकार! त्यामागून हरीसा येतो, गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटलेला, चिकट, मऊ. आलं लागतं, मिरी लागते, लवंग टाळूला झोंबते.

आणि तरी काहीतरी कमी आहे. तुम्ही परातीच्या कडेला ठेचा शोधताय. भाऊ, मिरची अजून समुद्रापलीकडे आहे. शेंगदाणा, टमाटं, आलू, सगळेच तिकडे. वऱ्हाडी माणसाला या घरात परकं वाटलंच, तर ते एवढ्यासाठीच.

मटण खात नाही म्हणता? कुळकर्णी तर इथलं पाणीही घेत नाहीत. यजमान कपाळाला आठी घालत नाहीत की आग्रहही करत नाहीत. सूप भरून शिधा येतो: ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, गूळ, तूप. अंगणापलीकडे निंबाखाली तीन दगडांची चूल, कोरं मडकं, विहिरीचं पाणी कुळकर्ण्यांनी स्वतः शेंदलेलं. इथला सुलतान फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतः जन्मानं विजयनगरकडचा ब्राह्मण, लहानपणी लढाईत धरून आणलेला. तेव्हा शिधा कशाला लागतो, हे या शहरात फार समजावून सांगावं लागत नसावं. भाकरी थापल्याचा आवाज इथवर ऐकू येतो. खरं सांगायचं तर, तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ते त्या भाकरीच्या वासानं.

आता अत्तराचा फाया आणि विड्याचं तबक. विडा आवडला म्हणून मांडी मोडून गप्पांना बसू नका. विडा हातात पडला, की बैठक संपली. परातीत एक समोसा उरलाय, तो उरू द्या. उजव्या हातानं सलाम करा, उठा, आणि बाहेर अंधार आहे, तेव्हा जोडे आपलेच घातले ना, तेवढं बघा.