इन्सुलिन घेणाऱ्यांचा लांबचा प्रवास : सामान, वेळा आणि सहप्रवासी

मार्च उलटला की ओपीडीत एक वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. "डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला चाललोय, तीन महिन्यांची औषधं लिहून द्या." औषधं लिहून देणं हे त्यातलं सर्वांत सोपं काम. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरे प्रश्न त्यापुढे सुरू होतात. विमानात इन्सुलिन किती वाजता घ्यायचं? कोणत्या घड्याळाप्रमाणे? ते ठेवायचं कुठे? आणि रेल्वेत, एसटीत जेवण दोन तास उशिरा आलं तर काय? शक्य असेल तर प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. आदल्या संध्याकाळी फोनवर विचारून या प्रश्नांची नीट उत्तरं मिळत नाहीत.

इन्सुलिन कोणत्या बॅगेत?

विमानात इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेतच ठेवावं. चेक-इन केलेल्या बॅगेत ते गोठू शकतं, शिवाय बॅग चुकून दुसऱ्याच शहरात गेली तर इन्सुलिनही तिच्याबरोबर जातं. गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी ते वापरायचं नाही. त्याचा गुण गेलेला असू शकतो आणि ते नुसतं बघून कळत नाही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा दारात ठेवतात. वापरात असलेली कुपी किंवा पेन मात्र साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानाला सुमारे चार आठवडे चांगलं राहतं. काही प्रकारांची मुदत यापेक्षा जास्त असते, ती खोक्यातल्या माहितीपत्रकावर दिलेली असते. त्यामुळे सोळा तासांच्या विमानप्रवासात इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायला द्यावं लागत नाही. एअर होस्टेसकडे दिलेली पिशवी उतरताना विसरली, असं सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ते स्वतःजवळच ठेवा.

उन्हाळ्यातली गाडी हा वेगळा विषय आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत अर्धा तासही पुरेसा घातक ठरतो. आइस पॅक वापरायचा असेल तर इन्सुलिन आणि बर्फ यांच्यामध्ये टॉवेलची जाड घडी हवीच, कारण बर्फाला थेट टेकलेलं इन्सुलिन गोठतं. पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या मिळतात, त्या बाष्पीभवनाने थंड राहतात. आपल्या माठाचंच तत्त्व. आणि खरोखर काहीच नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं छोटं मडकंही चालतं. हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजवर मात्र फार विश्वास ठेवू नका. त्याच्या मागच्या भिंतीला टेकलेली कुपी सकाळी बर्फ झालेली सापडते.

लागेल त्याच्या दुप्पट इन्सुलिन, सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घ्या आणि दोन वेगवेगळ्या हातबॅगांत विभागा. एक तुमच्याकडे, एक बरोबरच्या माणसाकडे. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, कारण तिथला औषधवाला आपला ब्रँड ओळखणार नाही. सुरक्षा तपासणीत १०० मिलीचा नियम औषधांना लागू होत नाही, पण चिठ्ठी हाताशी हवी आणि "माझ्याजवळ इन्सुलिन आणि सुया आहेत" हे तपासणीच्या आधी आपणहून सांगितलं की पुढची धांदल टळते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर किंवा कमरेला पंप असेल तर स्कॅनरमधून जाण्याआधी हाताने तपासणी करायची विनंती करा. काही कंपन्या आपली यंत्रं एक्स-रे मशीनमधून नेऊ नका असं स्पष्ट सांगतात.

४० आणि १०० : याकडे फारसं कोणी बघत नाही

भारतात कुपीतून मिळणारं बरंचसं इन्सुलिन एका मिलीमध्ये ४० युनिट असं असतं आणि त्यासाठी लाल टोपणाची, ४० खुणांची सिरिंज वापरतात. पेनमधलं इन्सुलिन मात्र एका मिलीमध्ये १०० युनिट असतं. अमेरिकेत माणसांसाठीचं इन्सुलिन १०० किंवा त्याहून अधिक तीव्रतेचंच मिळतं.

समजा, आजोबा रोज २० युनिट घेतात. तिकडे इन्सुलिन संपलं, मुलाने नवी कुपी आणली आणि आजोबांनी घरून नेलेल्या लाल टोपणाच्या सिरिंजने नेहमीसारखं २० च्या खुणेपर्यंत भरलं. सिरिंजमध्ये अर्धा मिली आलं. जुन्या कुपीतून ते २० युनिट झाले असते, नव्या कुपीतून ते ५० युनिट झाले. अडीच पट! त्या रात्री साखर किती खाली जाईल, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. उलट घडलं, म्हणजे भारतातली ४० ची कुपी आणि तिकडची १०० ची सिरिंज, तर २० च्या खुणेवर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर वाढत राहते.

उपाय साधा आहे. कुपी आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळला पाहिजे. लांब मुक्कामाला जाणाऱ्यांना मी शक्यतो प्रवासाच्या महिनाभर आधीच पेनवर आणते, म्हणजे हा घोटाळा उरत नाही. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढून कधीच घेऊ नका.

घड्याळ कोणतं पाळायचं?

दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. एवढ्या फरकाला डोसच्या वेळांत सहसा काही बदल लागत नाही, तिथल्या जेवणाच्या वेळा धराव्यात. अमेरिका, कॅनडा यांची गोष्ट वेगळी आहे.

पश्चिमेला जाताना दिवस लांबतो. मुंबईहून न्यूयॉर्कला गेलात तर उन्हाळ्यात तुमचा तो दिवस साडेतेहेतीस तासांचा होतो. जेवणं वाढतात, त्यामुळे इन्सुलिन थोडं जास्त लागू शकतं. परत येताना उलट होतं. दिवस साडेचौदा तासांचा होतो आणि नेहमीच्या वेळेला नेहमीचा डोस घेतला तर आधीच्या डोसचा परिणाम संपायच्या आत दुसरा जातो. म्हणून साखर खूप खाली जाण्याचा धोका येतानाच्या प्रवासात अधिक असतो. जातानाची तयारी सगळे करतात, येतानाची कोणी करत नाही.

दिवसातून एकदा घ्यायचं दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन, उदाहरणार्थ ग्लार्जिन, भारतात रात्री दहाला घेत असाल, तर न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा आणि हे इन्सुलिन त्याप्रमाणे घ्या. तिथे पोहोचल्यावर दुपारी साडेबाराची वेळ सोयीची वाटली तर तीच चालू ठेवता येते, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज दोन-दोन तास सरकवता येते. जेवणाआधीचं लघुकाळ काम करणारं इन्सुलिन घड्याळाशी नव्हे, जेवणाशी बांधलेलं आहे. जेवलात तर घ्या, नाही जेवलात तर नको.

सर्वांत अवघड असतं ते ३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन, आणि आपल्याकडच्या ज्येष्ठांत तेच फार वापरलं जातं. त्यात दोन्ही प्रकार एकत्र असल्यामुळे एक टाळून दुसरं घेता येत नाही. तुमच्या विमानाच्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या आणि त्याच कागदावर प्रत्येक डोस लिहून घ्या, भारतीय वेळ आणि तिकडची वेळ दोन्ही. मी तिकीटच मागते.

प्रवासाच्या त्या दोन दिवसांत साखर १८० ते २०० दिसली तर घाबरून जादा डोस घेऊ नका. थोडी जास्त असलेली परवडते, कमी झालेली नाही. दर चार-पाच तासांनी तपासा.

ताट समोर आल्याशिवाय सुई नाही

घरी आपण इन्सुलिन घेऊन स्वयंपाकघरातून पोळी येण्याची वाट बघतो. विमानात ट्रॉली तुमच्या ओळीपर्यंत यायला चाळीस मिनिटं लागतात आणि मध्येच हवा खराब झाली की वाढणं थांबतं. रेल्वेत पुढच्या स्टेशनवर मागवलेलं जेवण गाडी दोन तास उशिरा धावली की दोन तास उशिरा येतं. बोरघाटात ट्रॅफिक अडकल्यावर तर जेवण कुठेच येत नाही. म्हणून प्रवासात एकच नियम : जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावरच इन्सुलिन. एरवी अर्धा तास आधी घ्यायचं असलं तरी. जेवणानंतरची साखर थोडी चढेल, चढू द्या.

विमानतळावरचं चालणंही हिशोबात धरा. इन्सुलिन घेऊन उतरलात आणि इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास उभे राहिलात, तर साखर तिथेच उतरते. व्हीलचेअर घेतली तरी रांग असतेच. खिशात, बॅगेत नव्हे, ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्या हव्यात. फळं मात्र विमानातच संपवा. अमेरिकेत उतरताना बरोबरचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात आणि ताजी फळं बहुधा काढून घेतली जातात.

पाणी पिणं टाळू नका. एसटीच्या प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून आपल्या आया-मावश्या सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर हे विशेष त्रासाचं ठरतं. प्रवासात उलट्या-जुलाब झाले तर या गोळ्या थांबवून डॉक्टरांना फोन करा. टाइप १ मधुमेह असेल तर मात्र उलट्या होत असतानाही दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन बंद करायचं नाही.

शेजारच्या सीटवरचा माणूस

सुई टोचायला विमानाच्या किंवा रेल्वेच्या स्वच्छतागृहात जाण्याची गरज नाही. ती जागा अस्वच्छ असते आणि गाडी हलत असते. शेजाऱ्याला "मला इन्सुलिन घ्यायचं आहे, एक मिनिट" असं सांगून जागेवरच, जरा वळून घेतलं तर कोणी हरकत घेत नाही. वापरलेली सुई सीटच्या खिशात किंवा जेवणाच्या ट्रेमध्ये टाकणं मात्र अक्षम्य आहे. ती उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात घुसते. झाकणाची जाड प्लास्टिकची डबी बरोबर ठेवा. पेनची सुईही लगेच काढा, ती तशीच ठेवली तर हवेचा दाब बदलल्यावर पेनमध्ये बुडबुडे शिरतात आणि डोस कमी पडतो.

डब्यातला लाडू पुढे करून "घ्या हो, एकाने काय होतंय" म्हणणारे सहप्रवासी आपल्याकडे ठायी ठायी भेटतात. प्रेमाने देतात. त्यांना मधुमेहाचं व्याख्यान नको, "नंतर खाईन, ठेवतो" पुरेसं आहे.

पण त्याच शेजाऱ्याला मधुमेहाची कल्पना देणं आवश्यक आहे, विशेषतः एकटे असाल तर. साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, माणूस चिडतो. रात्रीच्या बसमध्ये अशा माणसाला दारू प्यायलेला समजून लोक दूर सरकतात. खिशात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं कार्ड ठेवा : मला मधुमेह आहे, मी इन्सुलिन घेतो, मी विचित्र वागलो तर मला साखर द्या.

शुद्धीवर असेल तर चहाचे तीन चमचे साखर किंवा अर्धा कप फळांचा रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट किंवा पेढा यावेळी उपयोगाचा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात साखर, पाणी काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा. विमानात क्रूला, रेल्वेत १३९ ला, रस्त्यावर १०८ ला कळवा.

परत आल्यावर

तिकडून उरलेल्या कुपी बरोबर आणल्या असतील तर त्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत १०० लिहा. फ्रिजमध्ये जुन्या ४० च्या कुपीशेजारी ती ठेवली आणि घरातली लाल टोपणाची सिरिंज हातात आली, की अमेरिकेत टळलेली चूक पुण्यात घडते.