तहतानिया, वस्तानिया, फौकानिया

निजामी अमदानीत धाराशिव जिल्ह्यातले मूल शिकायचे ते तीन पायऱ्यांनी: तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. अर्थ साधा आहे. खालची, मधली, वरची. खालच्या पायरीवर मराठी असे. वर चढावे तसे गणित, भूगोल, इतिहास सारे उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने निघाले, त्याच्या दाराशी पोचायची वाट हीच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच, हे मान्य केले पाहिजे. पण ती भाषा इथल्या कुणब्याच्या घरची नव्हती. आईशी मराठी बोलणाऱ्या पोराने शाळेत त्रैराशिक उर्दूतून मांडायचे! मधल्या पायरीवरूनच तो नांगराकडे परतला, तर त्याला मठ्ठ कोणी म्हणावे?

खासगी शाळा काढावी तर सरकारची परवानगी हवी. तरीही १९२१ साली हिप्परग्यासारख्या आडगावी राष्ट्रीय शाळा निघाली. तिचे मुख्याध्यापक व्यंकटेश खेडगीकर १९३२ साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि १९३५ साली अंबाजोगाईच्या शाळेत गेले. १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा पुढे होते ते हेच मास्तर.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा चालवायची परिषदेने, अभ्यासक्रम ठरवायचा राज्याने. त्रैराशिक आता मराठीतून मांडतात; आणि ज्यांच्या घरी उर्दू बोलतात, त्यांच्या मुलांसाठी परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत.