डोकेदुखी : गोळीविना घरगुती उपाय आणि त्यांची मर्यादा

डोके दुखू लागले की बहुतेकांचा हात प्रथम गोळीकडे जातो. अधूनमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळीने निरोगी माणसाला सहसा अपाय होत नाही. मात्र, तिची सवय जडली की तीच डोकेदुखीचे कारण बनते. ज्यांना मुळात डोकेदुखीचा त्रास आहे, त्यांनी महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, अथवा १० किंवा अधिक दिवस अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास ‘औषधांच्या अतिवापरामुळे होणारी डोकेदुखी’ उद्भवू शकते, असे आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात नमूद आहे. त्यामुळे साध्या डोकेदुखीत गोळीविना काय करता येते, हे प्रत्येक घरात माहीत असणे हिताचे आहे.

आधी प्रकार ओळखावा

मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या आणि डोके व मानेचे स्नायू. सर्वाधिक आढळणारी डोकेदुखी ताणजन्य असते. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, दोन्ही बाजू मंद दुखतात आणि मान व खांदे आखडतात. हे दुखणे अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत राहू शकते.

अर्धशिशी अर्थात मायग्रेनचे स्वरूप वेगळे असते. पुष्कळदा डोक्याची एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड व आवाज सहन होत नाही आणि जिना चढण्यासारख्या हालचालीनेही वेदना वाढते. उपचार न केल्यास ती ४ ते ७२ तास टिकते. बंगळुरू शहर व परिसरातील खेड्यांत झालेल्या पाहणीत सुमारे चारपैकी एका प्रौढाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले होते.

तत्काळ आराम देणारे उपाय

प्रथम पाणी प्यावे आणि शेवटचे खाणे कधी झाले, ते आठवावे. ऊन, प्रवास व कामाच्या गडबडीत पाणी कमी पडणे, तसेच जेवणाची वेळ टळणे, ही डोकेदुखीची नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी एक-दोन पेले पाणी किंवा ताक आणि थोडे खाणे पुरेसे ठरू शकते.

अर्धशिशीत शांत, अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडून राहावे. कपाळावर किंवा मानेच्या मागील बाजूस थंड पाण्याची घडी अथवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. अर्धशिशीच्या प्रारंभीच विश्रांती घेतली, तर तिचा लाभ अधिक होतो.

ताणजन्य डोकेदुखीत याउलट ऊब सुखावते. मान व खांद्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी आणि खांदे गोलाकार फिरवावेत. हलक्या हाताने केलेल्या चंपीने स्नायू सैल होतात. मानेला झटका देणारे मालीश मात्र टाळावे. अशा मालिशीने मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका असतो.

बाम व लेप

बाम हा भारतीय घरांतील जुना उपाय आहे. अमृतांजन या प्रसिद्ध बामाचा प्रारंभ १८९३ मध्ये मुंबईतच झाला. मेन्थॉलमुळे त्वचेला गारवा जाणवतो आणि वेदनेची तीव्रता कमी भासते. जर्मनीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कपाळ व कानशिलांवर लावलेल्या पेपरमिंट तेलाच्या १० टक्के द्रावणाने ताणजन्य डोकेदुखीत आराम पडल्याचे दिसून आले. बाम डोळ्यांपासून दूर ठेवावा. कापूरयुक्त बाम तान्ह्या मुलांना लावू नये. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो.

सुंठ उगाळून कपाळावर लेप लावण्याची रीत महाराष्ट्रात प्रचलित आहे. लेपाने जळजळ झाल्यास तो लगेच धुऊन टाकावा. मळमळ होत असल्यास आल्याचा कोमट काढा घोट घोट घेता येतो.

उपवास, चहा आणि न्हाणे

डोकेदुखीची काही निमित्ते दैनंदिन रीतिरिवाजांत दडलेली असतात. एकादशी, नवरात्र किंवा रमजानच्या पहिल्या दिवसांत अनेकांचे डोके दुखते. त्यामागे उपाशी राहणे, पाणी कमी होणे आणि झोपेची वेळ बदलणे यांबरोबरच चहा-कॉफी बंद होणे, हेही कारण असते. रोज अनेक कप चहा-कॉफी पिणाऱ्याने ती अचानक सोडल्यास २४ तासांच्या आत डोके दुखू लागू शकते. म्हणून उपवासापूर्वी चहाचे प्रमाण काही दिवस टप्प्याटप्प्याने कमी करावे. अर्धशिशी असलेल्यांनी निर्जळी उपवास शक्यतो टाळावा.

डोक्यावरून न्हाण्याने अर्धशिशी उठते, हा अनेक महिलांचा अनुभव असतो. घरात ती तक्रार सहसा कोणी मनावर घेत नाही. मुंबईतील डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. असा त्रास असणाऱ्यांनी केस फार वेळ ओले ठेवू नयेत.

डोकेदुखी पुन्हा होऊ नये म्हणून

झोपण्याची व उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी. संगणक किंवा मोबाईलवर काम करताना मान पुढे झुकवू नये, दर अर्ध्या तासाने दृष्टी दूरवर न्यावी आणि डोळ्यांचा नंबर तपासून घ्यावा. उन्हात जाताना डोक्यावर टोपी, रुमाल वा पदर घ्यावा.

नियमित योगाभ्यासही उपयुक्त ठरतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अर्धशिशीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांसोबत तीन महिने योगाभ्यास करणाऱ्यांचा त्रास केवळ औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत अधिक घटला. येथे योग औषधाच्या जागी नव्हे, तर त्याच्या जोडीला होता, हे ध्यानात घ्यावे.

एका वहीत डोके दुखल्याचा दिवस व वेळ, त्याआधीचे खाणे, झोप, महिलांनी पाळीची तारीख आणि घेतलेली गोळी यांची नोंद ठेवावी. दोन-तीन महिन्यांत निमित्ते लक्षात येतात आणि गोळ्यांची खरी संख्याही समोर येते. गोळ्यांचा अतिवापर थांबवताना आरंभी काही दिवस वेदना वाढू शकते. त्यामुळे तो डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावा. रक्तदाब किंवा अन्य विकारांची नियमित औषधे मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

घरी थांबू नये, असे प्रसंग

पुढील लक्षणे आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे :

– काही क्षणांत पराकोटीला पोहोचणारी, आयुष्यात कधी न झालेली तीव्र डोकेदुखी
– डोकेदुखीसह ताप आणि मान ताठरणे
– हात-पाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे किंवा झटके येणे
– डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी वेदना वा उलट्या
– डोळा लाल होऊन दुखणे आणि दृष्टी अंधूक होणे
– गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर होणारी तीव्र डोकेदुखी, विशेषतः डोळ्यांपुढे अंधारी येत असल्यास

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखीही डॉक्टरांना दाखवावी.

थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याची रीत उत्तर भारतात अनेक ठिकाणी आहे. अशा खोलीत एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, तर तो कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा असू शकतो. सर्वांनी त्वरित मोकळ्या हवेत यावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. अशा वेळी बाम चोळून पुन्हा झोपणे जिवावर बेतू शकते.