खेतवाडीतला पोटमाळा

दिवाळीच्या अंकात वेदान्त कशाला, असे कोणी म्हणेल. चिवड्याच्या ताटाशेजारी ब्रह्म-माया मांडून ठेवू नये, हे मलाही कळते. पण ही गोष्ट ब्रह्माची कमी आणि विडीची जास्त आहे. शिवाय तिच्यात माझ्या मावशीच्या पाटल्याही आहेत. तेव्हा वाचकांनी धीर सोडू नये.

माझी मावशी लग्न होऊन मुंबईत आली ती थेट खेतवाडीत. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर सामाईक नळ. तिचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, एका कापडाच्या पेढीत कारकून होते. त्यांना दोनच व्यसने होती : एक विडीचे आणि दुसरे गुरू शोधण्याचे. पहिले स्वस्तात भागत होते. दुसऱ्यापायी त्यांनी पुष्कळ गावे पालथी घातली, पुष्कळांच्या पायांवर डोके ठेवले आणि सरतेशेवटी १९७५च्या सुमारास परगावच्या एका मठात मावशीच्या माहेरच्या पाटल्या अर्पण करून आले. मठाचे नाव मी लिहीत नाही. बदल्यात एक मंत्र मिळाला, तो कोणाला सांगायचा नव्हता. पाटल्यांचेही कोणाला सांगायचे नव्हते. पण मावशीचे मोकळे हात चाळीला दिसायचे ते दिसलेच.

हे सगळे मला घरात ऐकून ठाऊक होते. त्याला दुसरी बाजू होती हे कळले ते फार उशिरा. माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत नोकरीला असतो. त्याने एकदा फोनवर विचारले, "सर, खेतवाडीची दहावी गल्ली कुठून लागते? इथले माझे दोन सहकारी खास ती बघायला मुंबईला येणार आहेत." मी म्हटले, गणपती बघायला येत असतील. तो म्हणाला, "नाही सर. निसर्गदत्त महाराजांची खोली बघायला." मी चाळीस मुलांसमोर रोज मराठी शिकवणारा मास्तर, आणि हे नाव मला एका जर्मनाच्या शिफारशीने कळावे! काका तेव्हा हयात होते. त्यांना विचारले, तर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कोण, मारुती विडीवाला? अरे, त्याच्याकडच्या विड्या मी किती वर्षे ओढल्या!"

तर हा मारुती विडीवाला. पूर्ण नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७चा, मुंबईतला. हनुमान जयंतीचा, म्हणून मारुती. बालपण मालवणकडच्या कांदळगावात गुरे राखण्यात आणि शेतात गेले. शाळा बेताचीच झाली. १९१५ साली वडील वारले, तीन वर्षांनी पोरगा मुंबईस आला. थोडे दिवस कारकुनी केली, मग स्वतःचे लहानसे दुकान टाकले. विडी, तंबाखू, सटरफटर माल. धंदा बरा चालला, दुकानांची संख्या आठापर्यंत गेली. लग्न झाले, मुले झाली. इथपर्यंत ही कोकणातून मुंबईला आलेल्या हजार माणसांची गोष्ट आहे.

१९३३ साली एक मित्र त्यांना आग्रहाने सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन गेला. हे सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. त्यांची परंपरा इंचगिरीची. उमदीचे भाऊसाहेब महाराज हे त्यांचे गुरू, आणि निंबाळचे गुरुदेव रानडे हे त्यांचे गुरुबंधू. भाऊसाहेबांचा भर तासन्‌तास ध्यानावर होता. सिद्धरामेश्वरांना पुढे वाटू लागले की हा मुंगीचा मार्ग झाला. पाखराचाही एक मार्ग असला पाहिजे, विचाराने थेट फळावर जाऊन बसण्याचा. शास्त्रात याला पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग म्हणतात. दुकानदार माणसाला पाखराची वाट पटली, यात नवल नाही. त्याला दुकान उघडायची घाई असते. गुरूने सांगितले ते एवढेच : तुला जे तू समजतोस ते तू नव्हेस, 'मी आहे' ही जी जाणीव आत आहे, तिला धरून राहा. मारुतीरावांनी गिऱ्हाईक नसेल तेव्हा आणि दुकान मिटल्यावर तेवढेच केले. १९३६ साली गुरू वारले. पुढच्या वर्षी हे सगळे सोडून उत्तरेकडे भटकायला निघून गेले, आणि काही महिन्यांनी परत आले. प्रपंचात राहून जे होत नाही ते रानात जाऊन होते असे नाही, एवढे त्यांना वाटेत कळले असावे. आले तेव्हा आठांपैकी एकच दुकान उरले होते. ते म्हणाले, पुरे आहे.

आता दुसरा माणूस. त्याची वाट मालवणहून नव्हे, वॉर्साहून खेतवाडीपर्यंत येते.

मॉरिस फ्रिडमन हा पोलंडमधला ज्यू, १९०१ साली जन्मलेला, व्यवसायाने विजेच्या यंत्रांचा इंजिनियर. युरोपातच त्याची जे. कृष्णमूर्तींशी ओळख झाली. कृष्णमूर्तींचे प्रकरण वाचकांना ठाऊक असेल, तरी सांगतो. कारण असा प्रसंग जगाच्या इतिहासात फार वेळा घडलेला नाही. थिऑसॉफिकल सोसायटीने या तेलुगू ब्राह्मणाच्या मुलाला भावी जगद्गुरू ठरवून वाढवले, १९११ साली त्याच्यासाठी एक संघ काढला, अॅनी बेझंट त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हॉलंडमधल्या ओमेन येथे किल्ल्यासकट जमिनी मिळाल्या. आणि ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्याच ओमेनच्या छावणीत, तीन हजारांच्या आसपास अनुयायांसमोर उभे राहून, कृष्णमूर्तींनी तो संघ मोडीत काढला. सत्याकडे नेणारा कोणताच ठरावीक रस्ता नाही, कोणतीही संघटना तिकडे पोचवू शकत नाही, मला अनुयायी नकोत, अशा अर्थाचे ते भाषण होते. मिळालेल्या जमिनी आणि पैसा त्यांनी देणाऱ्यांना परत केला. मावशीच्या पाटल्यांचा विचार मनात आला की मला हे वाक्य दोनदा वाचावेसे वाटते : परत केला. (कृष्णमूर्तींना अद्वैती म्हणता येईल का, हा वाद पंडितांसाठी ठेवू. ते स्वतः कोणतीच पाटी लावू देत नसत.)

फ्रिडमन १९३०नंतरच्या दशकात बंगळूरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून आला आणि तिथून तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे जाऊ लागला. महर्षींना मानवी गुरू नव्हताच. १८९६ साली, सोळाव्या वर्षी, मदुरेत एकाएकी मरणाची भीती वाटली, तेव्हा मरते ते कोण, हे हा मुलगा आडवा पडून पाहू लागला. पुढे घर सोडून अरुणाचलाच्या पायथ्याशी आला तो १९५० साली देह ठेवीपर्यंत तिथून हलला नाही. येईल त्याला ते 'मी कोण' हे विचारायला सांगत. मंत्र देत नसत, दीक्षा देत नसत. फ्रिडमनने संन्यास मागितला, तोही त्यांनी दिला नाही. याने मग केरळात कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून तो घेतला, भारतानंद झाला, भगवी वस्त्रे घालून कारखान्यात जाऊ लागला. पुढे ती वस्त्रेही त्याने सोडली. पण महर्षींशी झालेल्या प्रश्नोत्तरांची त्याने काढलेली टिपणे १९३९ साली पुस्तकरूपाने निघाली, ती आजही वाचली जातात.

आणि जिथे दीक्षाच नव्हती तिथेही खटला झालाच! आश्रमाच्या व्यवस्थेवरून एका माजी व्यवस्थापकाने दावा लावला आणि १९३६ साली महर्षींची जबानी घ्यायला कमिशन आले. आपण चार आश्रमांपैकी कोणत्या आश्रमात, असा प्रश्न निघाला. ब्रह्मचारी म्हणावे तर शिष्य, संन्यासी म्हणावे तर मालमत्ता कशी? महर्षींनी सांगितले की मी अतिआश्रमी, चारींच्या पलीकडचा. वकिलाने हे कोणत्या रकान्यात लिहिले असेल, देव जाणे.

इथे फ्रिडमनची कथा आपल्या अंगणात येते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, यांचे चिरंजीव अप्पासाहेब यांच्याशी त्याची मैत्री जमली. बहात्तर गावांच्या त्या विखुरलेल्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती द्यायची, ही कल्पना या मंडळींनी सेवाग्रामला गांधीजींपुढे नेली, आणि १९३९ साली औंधची स्वराज्याची घटना अमलात आली. तिच्या घडणीत या पोलिश संन्याशाचा हात होता. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मोकळी कैदी-वसाहत निघाली, आणि तिच्यावरून पुढे माडगूळकरांच्या कथेचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. गांधीजींच्या सूतकताईसाठी फ्रिडमनने धनुष तकली तयार केली. १९५९नंतर तिबेटी निर्वासित आले, तर त्यांच्या वसाहतींसाठी हा सरकारदरबारी खेटे घालीत होता. 'आत्मज्ञानी माणूस जगाच्या उपयोगाचा नाही' हे वाक्य आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी अनेकदा ऐकले आहे. मी तेव्हा त्यांना औंध सांगतो.

असा हा माणूस उतारवयात मुंबईत राहत होता, आणि कोणीतरी त्याला दहाव्या गल्लीतला पोटमाळा दाखवला. अरुंद जिना, वर ठेंगणी खोली, भिंतीवर गुरुपरंपरेच्या तसबिरी. समोर विडी ओढीत बसलेला, मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत न बोलणारा दुकानदार. येणाऱ्याला फी नाही, वर्गणी नाही. कोणी पायांशी फार काळ घोटाळू लागला तर त्याला समजले ते पुरे झाले म्हणून वाटेला लावीत. फ्रिडमन बसला, ऐकू लागला, ध्वनिफिती जमवून त्यांचा इंग्रजी अनुवाद करू लागला. १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाने तो ग्रंथ काढला. त्यानंतर जगभरची माणसे तो जिना चढू लागली. दुभाषे मराठीचे इंग्रजी करीत, इंग्रजीचे मराठी करीत. आणि खाली, चार गल्ल्या पलीकडे, माझे काका गोऱ्यांची ती ये-जा पाहून शेजाऱ्यांना सांगत होते : "हिप्पी आहेत. वर गांजा मिळत असणार."

ज्या साली पाटल्या गेल्या त्याच काळातली ही गोष्ट आहे.

आता एक अडचण मी वाचकांपासून लपवीत नाही. पंथ नको, गुरू नको म्हणणाऱ्यांना निसर्गदत्तांचे नाव फार आवडते. पण हा माणूस स्वतः पक्का गुरुभक्त होता. रोज पहाटेपासून ठरल्या वेळी भजन, गुरूंच्या तसबिरींची पूजा, आरती. शेवटपर्यंत त्यात खंड नाही. १९५१पासून तो मागणाऱ्याला नामही देई. मग कृष्णमूर्ती खरे, की हा? मी काही संस्कृतचा पंडित नाही. मॅट्रिकपुढचे जे काय शिकलो ते वाचनालयात. पण मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या ज्ञानोबांनी सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. अमृतानुभव मात्र कोणत्याच ग्रंथावरची टीका नाही, तो त्यांचा स्वतःचा. त्यात दुसरे प्रकरण निवृत्तिनाथांच्या स्तवनाचे आहे. थोरल्या भावाची, गुरूची स्तुती करायला बसलेला हा मुलगा स्तुती करता करता अशा जागी येतो की गुरू आणि शिष्य ही दोन नावेच गळून पडतात. दोघे नाहीतच, असे एकदा म्हटले की कोणी कोणाला नमस्कार करायचा? तरी नमस्कार होतोच. तो मागण्यासाठी नसतो, इतकाच फरक. तुकोबांनाही गुरूचा उपदेश स्वप्नात झाला. जागेपणी तो गुरू हिशेब मागायला आला नाही, मठ बांध म्हणाला नाही. देहूचे दुकान बुडाले ते दुष्काळाने, गुरुदक्षिणेने नव्हे.

काकांना हे मी एकदा समजावून सांगू गेलो. मास्तरकीची खोड. ते म्हणाले, "बाळ, तुला सोपे वाटते. अरे, माणसाला कोणीतरी लागतो. विडीवाल्याला कोण गुरू म्हणेल? तो सुट्टे पैसे परत देत होता." मला हसू आले, पण नंतर कितीतरी दिवस ते वाक्य मनातून जाईना. सुट्टे पैसे परत देणारा माणूस गुरू वाटत नाही. पाटल्या ठेवून घेणारा वाटतो. यात चूक नुसत्या मठाची आहे, असे मला आता म्हणवत नाही.

फ्रिडमन १९७६ साली मुंबईत वारला. निसर्गदत्त तेव्हा त्याच्याजवळ होते. पुढे पोटमाळ्यावरच्या भिंतीला त्याचीही तसबीर लागली. आयुष्यभर कुठल्याच परंपरेत न मावलेला, वॉर्साचा ज्यू! महाराजांना घशाचा कर्करोग झाला, तरी बोलणे चालू राहिले. ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले. अंत्ययात्रा खेतवाडीतूनच निघाली. काका त्या दिवशी कामावर होते.

काका जाऊन आता काही वर्षे झाली. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला मावशीकडे गेलो होतो. ती ऐंशीच्या घरात आहे, कान तीक्ष्ण आहेत. तिला म्हटले, "मावशी, एवढे जवळ असून काका एकदाही त्या माळ्यावर चढले नाहीत?"

"चढले होते की," ती म्हणाली. "एकदा. खाली येऊन म्हणाले, तिथे काही मिळत नाही."

आणि तिने करंजीची बशी माझ्यापुढे सरकवली.