वाहक लेप (सर्किट बोर्डावरील)

सर्किट बोर्डातून निसटणारे नकोसे विद्युत्‌चुंबकीय प्रारण अडवण्यासाठी बोर्डावर किंवा त्याच्या प्लॅस्टिकच्या पेटीत आतून दिलेला वीजवाहक थर. निकेल, तांबे, चांदी किंवा चांदी चढवलेले तांबे यांची पूड ॲक्रिलिक वा इपॉक्सी रेझिनमध्ये मिसळून तो फवारतात. मोबाइलमधील चिपांवर निर्वातात धातूचा पातळ थर चढवतात. पत्र्याच्या पेट्या जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या आणि १९७९ मध्ये अमेरिकेने संगणकांच्या प्रारणावर बंधने आणली, तशी या लेपांची गरज वाढली.

कार्य : लेपाची खरी कसोटी म्हणजे त्याचा पृष्ठरोध, म्हणजे थराच्या चौकोनी तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध. तो दर चौकोनामागे १ ओम असेल, तर अखंड थर दुरून आलेली लहर सुमारे ४५ डेसिबलने क्षीण करतो, ०.०५ ओम असेल, तर सुमारे ७१ डेसिबलने. प्रत्यक्ष पेटीत हे आकडे मिळत नाहीत, कारण फटी. १ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३० सेंमी. असते, म्हणून १५ सेंमी. लांबीची केसाएवढी फटही अँटेनासारखी वागते. कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रापुढे पातळ लेपाचा फारसा उपयोग नाही.

लेपन : उघड्या बोर्डावर वाहक लेप दिल्यास शॉर्ट होतो. म्हणून आधी वीजनिरोधक लेपाचा थर द्यावा लागतो. कनेक्टर टेपने झाकतात; कडेची ग्राउंडची तांब्याची पट्टी मात्र उघडी ठेवतात, म्हणजे लेप तिच्यावर थेट बसतो. वाळल्यावर मीटरचे एक टोक लेपाच्या दूरच्या कोपऱ्यावर आणि दुसरे ग्राउंडवर टेकवून रोध पाहतात. लेपाची ग्राउंडशी जोडणी कच्ची राहिली, तर लेप स्वतःच प्रारण करू शकतो. अनेक अपयशांचे मूळ लेपाच्या मिश्रणात नसून या जोडणीत असते.

मर्यादा : केबलवाटे जाणारे प्रारण लेपाने थांबत नाही. १ मीटर केबलमधून ५० मेगाहर्ट्‌झचा अवघा ५ मायक्रोअँपिअर सामाईक (सर्व तारांतून एकाच दिशेने जाणारा) प्रवाह वाहिला, तरी ३ मीटरवर घरगुती उपकरणांसाठीची अमेरिकी मर्यादा (१०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर) ओलांडली जाते. त्यामुळे बोर्डाची आखणी, ग्राउंडचा सलग थर आणि केबलवरील फिल्टर आधी; लेप त्यानंतर.

भारतातील काम : दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पॉलिॲनिलीनसारख्या वाहक बहुवारिकांच्या प्रारणरोधक गुणांवर संशोधन झाले आहे. अशा संशोधनातील मोजमापे बहुधा सपाट नमुन्यांवर, ८ ते १८ गिगाहर्ट्‌झमध्ये घेतात. बोर्डाच्या चाचणीत मुख्य अडचण येते ती ३० मेगाहर्ट्‌झ ते १ गिगाहर्ट्‌झमध्ये. म्हणून त्या संशोधनाचे निष्कर्ष बोर्डाला जसेच्या तसे लावू नयेत. पुण्यातील सी-मेट या इलेक्ट्रॉनिक साहित्यावरील संशोधन संस्थेचे चांदीच्या वाहक पेस्टवरील काम या विषयाच्या जवळचे आहे. प्रारणाच्या चाचणीची सोय मुंबईत समीर ही संशोधन संस्था (स्थापना १९८४), वाहनांच्या भागांसाठी पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आणि दिल्लीत ओखला येथील ईआरटीएल ही चाचणी प्रयोगशाळा येथे आहे.

टिकाऊपणा : कोकणासारख्या खाऱ्या, दमट हवेत नुसत्या तांब्याच्या लेपाचा रोध ऑक्सिडीकरणाने वाढतो. चांदी ॲल्युमिनियमला टेकली, तर ओल्या जागी ॲल्युमिनियम झिजते.

दुरुस्ती : बोर्डावरील लेप काढल्याशिवाय त्याखालचा भाग बदलता येत नाही.